खाडीपलीकडची ओवी

दातिवऱ्याच्या पुळणीवर संध्याकाळी उभे राहिले म्हणजे वैतरणेच्या मुखापलीकडे अर्नाळ्याचा कोट दिसतो, आणि त्याच्या पाठीमागे वसईचा मुलूख. लहानपणी एका नाताळात वडील मला तिकडच्या एका ख्रिस्ती स्नेह्यांच्या घरी घेऊन गेले. वडील भजनातले टाळकरी. जेवणे आटोपली, ओसरीवर चटया पडल्या, पेटी निघाली, शेजारची चार घरे जमली. गीत सुरू झाले तसे वडील प्रथम अवघडून बसले. परंतु दुसऱ्या चरणाला त्यांची बोटे मांडीवर ठेका धरू लागली. यजमानांनी काही न बोलता टाळांची जोडी त्यांच्या हाती दिली. परतताना होडीत वडील एवढेच म्हणाले, "देव त्यांचा, पण चाल आपली रे!"

त्या वाक्याने पुढे पुष्कळ वर्षे माझी पाठ पुरवली. ही चाल तिकडे गेली कशी?

वाचकहो, त्यासाठी गोव्याच्या साष्टीत जावे लागते. 1579 मध्ये फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट तेथे आला. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणे बंद झाली होती. तेव्हा वाचायला, मन रमवायला आम्हांला दुसरे पुराण द्या, अशी मागणी एका ब्राह्मणाने केल्याचे स्टीफन्सने आपल्या ग्रंथातच सांगितले आहे. धर्म बदलला, तरी ऐकण्याची भूक काही बदलली नव्हती. तिच्यासाठी त्याने ओवी हाती घेतली आणि दहा हजारांहून अधिक ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' रचले. ते 1616 मध्ये छापले गेले, तेही रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे तेथे नव्हते.

पुढे 1684 मध्ये पोर्तुगीज सत्तेने देशी भाषेविरुद्ध फर्मान काढले. स्टीफन्सच्या काळातल्या छापील प्रती आज कोठेच सापडत नाहीत. पुराण टिकले ते हस्तलिखितांत आणि गाणाऱ्यांच्या कंठात. मंगळूरकडच्या ख्रिस्ती घरांतून ते वाचले आणि गायले जाई. तेथेच 1907 मध्ये ते पुन्हा छापले गेले. देवनागरीत छापून यायला मात्र 1956 साल उजाडले.

इकडे वसईची कथा निराळी. 1737 मध्ये अर्नाळा आणि 1739 मध्ये वसई मराठ्यांनी घेतली. फिरंगी गेले, वाड्या, वाडीतली केळी-पानवेली आणि तिथली ख्रिस्ती माणसे जागच्या जागी राहिली. देवळातली उपासना लॅटिनमध्ये, आणि लग्नाच्या मांडवात बायकांची गाणी आपल्या बोलीत, असा दुहेरी संसार पुढेही चालला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (1962 ते 1965) उपासनेचे दार लोकभाषांना उघडले, तेव्हा कोठे मराठी वेदीपाशी पोचली.

प्रॉटेस्टंट मंडळ्यांत हे काम आधीच झाले होते. मिशनऱ्यांनी मराठी गीते केली होती खरी, पण पुष्कळांची चाल विलायती. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग आणि भजन मंडळीत आणले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो, असे ते म्हणत. टिळकांचे 'ख्रिस्तायन' 1919 मध्ये त्यांच्या मृत्यूमुळे अपुरे राहिले. ते पुरे केले लक्ष्मीबाईंनी. वसईचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा काहींनी विरोध केला. मला त्या वेळी ओसरीवरची ती रात्र आठवली.

कारण वडिलांचे वाक्य आता मला अर्धेच खरे वाटते. चाल त्यांनी आपल्याकडून उसनी नेली, असा त्यात थोडा अभिमान होता. पण ज्यांच्या पूर्वजांनी ओवी फर्मानातून वाचवली, मांडवात आपली बोली जपली, त्यांना उसनवार कसे म्हणावे? ते घरातलेच वाटेकरी.

वडील गेले. दिवाळीचा फराळ अजून दरसाल खाडीपलीकडे जातो, आणि नाताळात तिकडून डबा भरून येतो. गेल्या खेपेस मी टाळ बरोबर नेले होते. ओसरीवर माझी जागा त्यांनी राखूनच ठेवली होती.