द्यूत, हर्ष आणि विद्यार्थी : विराटनगरातील एक प्रसंग

जयपूरच्या उत्तरेस सुमारे ८५ किलोमीटरवर असलेले बैराट हे प्राचीन मत्स्यांचे विराटनगर मानले जाते. महाभारताने पांडवांचा अज्ञातवास येथे घडविला आहे. द्यूतात राज्य गमावलेला युधिष्ठिर येथे कंक हे नाव धारण करून राजाचा द्यूतसहचर होतो. ही योजना केवळ उपरोधाची नाही. वनपर्वात नलोपाख्यानाच्या अखेरीस बृहदश्व ऋषी त्याला अक्षहृदय, म्हणजे फाशांचे रहस्य, शिकवितात. विराटाच्या सभेत येणारा युधिष्ठिर अशा रीतीने द्यूतविद्येचा विद्यार्थीही आहे.

या विद्येची खरी परीक्षा पटावर होत नाही. पुत्र उत्तराने कौरवांना जिंकल्याची वार्ता येते आणि आनंदाने भान हरपलेला विराट फासे मागवितो. कंक नकार देतो. हर्षाच्या भरात असलेल्याशी खेळू नये असे आपण ऐकले आहे, असे तो सांगतो, आणि दाखला देतो तो युधिष्ठिराचाच. राजा ऐकत नाही. खेळ सुरू असता कंक विजयाचे श्रेय बृहन्नडेला देतो, तेव्हा राजा त्याच्या तोंडावर फासा फेकून मारतो. नाकातून आलेले रक्त युधिष्ठिर ओंजळीत धरतो, आणि त्याची नुसती दृष्टी ओळखून द्रौपदी सुवर्णपात्र पुढे करते. हर्षाचे क्रोधात रूपांतर व्हायला एक वाक्य पुरले.

जुगारी दुःखाने किंवा लोभाने खेळतो, ही समजूत जुनी आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात पश्चात्ताप आहे, न जाण्याचा निश्चय आहे, आणि फाशांचा आवाज येताच तो निश्चय मोडणेही आहे. महाभारताने मात्र हर्षाकडे लक्ष वेधले. सभापर्वातील धृतराष्ट्र ‘जिंकले का?’ असे पुन:पुन्हा विचारतो; मुद्रेवरचा आनंद त्याला लपविता येत नाही. जेम्स ग्रॉस यांच्या १९९८च्या मांडणीनंतर भावनियमनाला मानसशास्त्रात स्वतंत्र अभ्यासक्षेत्राचे रूप आले, तरी चर्चेचा भर बराच काळ नकारात्मक भावनांवर राहिला. मेलिसा सायडर्स, ग्रेगरी स्मिथ आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये अत्यानंदात अविचाराने कृती करण्याची प्रवृत्ती मोजण्याचे साधन सिद्ध केले. २००८ मध्ये महाविद्यालयाच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांत हीच प्रवृत्ती जुगाराच्या वाढीशी निगडित असल्याचे दाखविले. कंकाची हरकत नेमकी हीच होती.

विद्यार्थ्याचा प्रश्न स्मृतिकारांनाही पडला होता. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्रह्मचाऱ्याला काम, क्रोध व लोभ वर्ज्य सांगितले आहेत आणि लगेच पुढच्या श्लोकात द्यूत. हर्षाचा उल्लेख तेथे नाही. (परीक्षेतील यश किंवा क्रिकेटमधील विजय साजरा करताना लावलेली पैज कोणी व्यसनात धरत नाही, हे याच जातीचे आहे.) पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना २०२५च्या केंद्रीय कायद्याने बंदी घातली, पण त्याचा रोख खेळ चालविणाऱ्यांवर व त्यांची जाहिरात करणाऱ्यांवर आहे; खेळणाऱ्याची मनःस्थिती त्याच्या कक्षेत येत नाही.

मराठी गद्याच्या उगमापाशीही एक तरुण जुगारी उभा आहे. म्हाइंभटांच्या लीळाचरित्रात चक्रधर पूर्वायुष्यात भडोचचे प्रधानपुत्र हरिपाळदेव आहेत. द्यूतात हरल्यावर ते पत्नी कमळाइसेकडे अलंकार मागतात. ती देत नाही. शूद्रकाच्या मृच्छकटिकातील संवाहकाशी हा प्रसंग ताडून पाहण्याजोगा आहे. दहा सुवर्णांसाठी त्याचा पाठलाग होतो आणि वसंतसेना आपले कंकण पाठवून त्याला सोडविते; त्यानंतर तो बौद्ध भिक्षू होतो. एका कथेत अलंकार मिळतो, दुसरीत नाकारला जातो. शेवट दोन्हीकडे विरक्तीत. मात्र संवाहकाला चारचौघांतल्या अपमानाचा वीट आलेला असतो, तर हरिपाळदेवांच्या बाबतीत जिव्हाळ्याच्या माणसाचा नकारच पुरेसा ठरतो. हरण्याचे दुःख तेथे जवळजवळ वर्णिलेलेच नाही. पिता देणे भागवितो, तरी मन संसारात परतत नाही, आणि हरिपाळदेव रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून घर सोडतात.