कार्डशीटच्या आधी : प्रस्तावना

एप्रिल 1998 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक शोधनिबंध छापून आला. त्याच्या चार लेखकांपैकी एमिली रोझा तेव्हा अकरा वर्षांची होती. निबंधातला मूळ प्रयोग तिने चौथीत, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी केला होता. रुग्णाच्या अंगाला न शिवता, नुसता हात वरून फिरवून त्याचे 'ऊर्जाक्षेत्र' आपल्याला जाणवते, असा काही उपचारकांचा दावा होता. एमिलीने मध्ये पुठ्ठ्याचा पडदा उभा केला. उपचारकाने पडद्याच्या भोकांतून दोन्ही हात पुढे करायचे, तिने नाणे उडवून त्यातल्या एका हातावर आपला हात धरायचा आणि तो कोणता हे उपचारकाने ओळखायचे. एकूण 21 उपचारकांच्या 280 खेपा झाल्या आणि 123 उत्तरे बरोबर आली, म्हणजे 44 टक्के. डोळे मिटून ठोकून दिले असते तरी निम्मी बरोबर आली असती.

लिखाणाला आई आणि आणखी दोन मोठी माणसे होती, हे खरे. पण या प्रयोगाची मांडणी नऊ वर्षांच्या मुलीला पेलणारी आहे, म्हणून तो इथे सांगितला. 'या उपचाराने आजार बरा होतो का' हा प्रश्न तिने घेतलाच नाही; त्याला रुग्णालय लागले असते आणि कित्येक वर्षे. 'मुळात काही जाणवते का' एवढाच प्रश्न तिने धरला. नाणे का उडवायचे? कारण उजवा-डावा आपण मनाने ठरवू लागलो की त्यात आपली सवय शिरते. आणि कोणते उत्तर आले तर काय मानायचे, हे आधीच ठरलेले होते. प्राथमिक शाळेतल्या संशोधनाचे सारे मर्म या तीन गोष्टींत आहे असे मला वाटते.

आपल्याकडे कायदा या बाजूचाच आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने कृतीतून, शोधातून शिकण्याचा आग्रह धरला आणि आकारिक मूल्यमापनात 'प्रकल्प' हे एक साधन म्हणून आले. प्रत्यक्षात काय होते ते आपण जाणतोच. शुक्रवारी विषय सांगितला जातो, शनिवारी स्टेशनरीच्या दुकानात गर्दी होते, सोमवारी वर्गात कार्डशीटचा ढीग पडतो. अक्षर बहुधा आईचे असते, तेव्हा गुण नेमके कोणाला द्यावेत हा प्रश्नच आहे. यात शिक्षकाला आळशी ठरवण्यात अर्थ नाही; चाळीस मुले आणि संपवायचा अभ्यासक्रम त्याच्यासमोर असतो. दोष दुसरीकडे आहे. आपण मुलांना विषय देतो, प्रश्न देत नाही. 'पाणी' या विषयावर चित्रे चिकटवण्याखेरीज मूल करणार तरी काय?

वाट नवी नाही. किलपॅट्रिक यांचा प्रकल्प पद्धतीवरचा निबंध 1918 चा. भावनगरला गिजुभाई बधेका, नंतर बोर्डी-कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी परिसरालाच शिकण्याचे साधन केले. आमच्या विषयाला सर्वांत जवळचा मात्र होशंगाबादचा विज्ञान शिक्षण कार्यक्रम. तो मध्य प्रदेशातल्या सरकारी शाळांतून 1972 ते 2002 असा तीस वर्षे चालला. मुले आधी प्रयोग करीत आणि निष्कर्ष आपल्या वहीत स्वतः लिहीत. परीक्षेला पुस्तक उघडून बसायला मुभा होती. 'सवालीराम' नावाच्या काल्पनिक पात्राला मुले पत्रे पाठवून प्रश्न विचारत आणि त्यांना उत्तरे जात. हा कार्यक्रम सहावी ते आठवीचा होता. त्याहून लहानांसाठी काय करता येईल, हा या पुस्तकाचा विषय.

एक उदाहरण सविस्तर देतो. 'दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो' हे वाक्य मुले घरीदारी ऐकतात. ते तपासायला ओळंब्याने सरळ उभी केलेली काठी, खडू, मोजपट्टी आणि घड्याळ पुरते. साडेअकरापासून सव्वापर्यंत दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करायची. खरे शिक्षण मात्र त्याच्या आदल्या दिवशी होते. काठी कोणी हलवली तर? ढग आला तर? याच वेळात खिचडीची सुट्टी असते, मग पाळी कोणाची? सावली कधी सर्वांत आखूड होईल, हा अंदाज प्रत्येकाने आधीच लिहून ठेवायचा, नंतर खोडायचा नाही.

मुंबई-पुण्याकडे ही सावली बाराला नव्हे, तर महिन्यानुसार त्यानंतर साधारण वीस ते पन्नास मिनिटांनी सर्वांत आखूड होते, आणि तेव्हाही ती बहुधा नाहीशी होत नाही. आपले घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखावृत्तावर लावलेले आहे. आपण त्याच्या पश्चिमेला. सावली पायाखाली गडप होण्याचे दिवस महाराष्ट्रात वर्षातून दोनच. पहिला मे महिन्यात, शाळेला सुट्टी असताना. दुसरा जुलै-ऑगस्टात, ढगांच्या आड. म्हणजे शाळेच्या अंगणात ते वाक्य खरे ठरलेले मुलांना पाहायलाच मिळत नाही! नागपूरच्या एखाद्या शाळेने त्याच दिवशी मोजले, तर तिची वेळ मुंबईच्या सुमारे 25 मिनिटे आधीची निघेल. दोन वर्गांनी आकडे एकमेकांना कळवले की रेखांश शिकवायला वेगळा तक्ता लागत नाही.

पहिली-दुसरीकडून योजना लिहून घेऊ नये, हे माझे ठाम मत. तिथे ती तोंडीच ठरावी. तिसरीपासून एक पान पुरे. इंटरनेटवरून माहिती उतरवणे हे संशोधन नव्हे. आजीला विचारणे असू शकते, पण मग शेजारच्या आजोबांनाही विचारायला हवे आणि दोघांचे जुळले नाही तर तेही लिहायला हवे. अंदाज चुकलेल्या मुलाचा एकही गुण कापू नका. पुढच्या वेळी ते मूल खरा अंदाज लिहील की नाही, हे त्यावर ठरते.

पुढची प्रकरणे क्रमाने वाचायची गरज नाही. शिक्षकांना एवढीच विनंती : पाऊस ओसरला की एक काठी उभी करा, दूरच्या एका शाळेशी बोलून दिवस ठरवा आणि त्या आठवड्यात कोणालाही कार्डशीट आणायला सांगू नका.