पेन्सिलीतली ओळ

आजोबा गिरगावात एका वकिलांकडे कारकून होते. वकील वारले तेव्हा ऑफिसातली जुनी पुस्तकं रद्दीत निघाली. त्यातला मुंबई हायकोर्टाच्या निकालांचा दहावा खंड आजोबांनी घरी आणला. कातडी बांधणी, पानांच्या कडांना कसर लागलेली. त्यात दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई हा खटला होता, म्हणून आजी त्याला ‘रखमाबाईंचं पुस्तक’ म्हणायची.

खटला तिला तिच्या आईकडून कळलेला. पणजी १८८७ साली सात वर्षांची, ठाकुरद्वारच्या चाळीत राहायची. संध्याकाळी गॅलरीत पुरुषमाणसं वर्तमानपत्र मोठ्यानं वाचत आणि रखमाबाईंचं नाव आलं की आवाज चढत. पणजीला एवढंच उमगलं, की बाईनं चोरी केलेली नाही तरी तिला तुरुंग सांगितलाय. रात्री तिनं आईला विचारलं, “मी नांदायला गेले नाही तर मलाही नेतील?” आई काही बोलली नाही. तिनं लेकीच्या अंगावर गोधडी नीट ओढली. दोन वर्षांनी पणजीचं लग्न लागलं.

रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं होतं. त्या आईजवळच, सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी वाढल्या. १८८४ मध्ये दादाजींनी बायकोला नांदायला पाठवावं म्हणून दावा लावला. पुढच्या सप्टेंबरात न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. त्यांचं म्हणणं असं, की हक्क ‘परत’ मिळण्याचा हा दावाच नव्हे, ही दोघं कधी एकत्र राहिलेलीच नाहीत. शिवाय असा दावा हिंदू धर्मशास्त्रातला नाही, तो विलायतेहून इथं आणून लावलेला. मुळात तो तिथल्या चर्चच्या न्यायालयांतला.

बाहेर मात्र धर्म बुडाल्याची ओरड सुरू झाली. टिळकांचा ‘केसरी’ही रखमाबाईंच्या विरोधात उभा राहिला. ज्या नियमाला धर्म समजून लोक भांडत होते तो साहेबाचा, आणि खुद्द इंग्लंडनं १८८४ मध्येच त्यातली कैद काढून टाकलेली! आपल्याकडे ती १९२३ पर्यंत कायद्यात राहिली. हे वाचताना मला आजही संताप येतो.

मार्च १८८६ मध्ये अपिलात सरन्यायाधीश सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी दावा चालतो म्हणून तो परत पाठवला. वर्षानं न्यायमूर्ती फॅरन यांचा हुकूम झाला: महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद. बाईंनी कळवलं, कैद भोगेन. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. पुढे त्या लंडनला वैद्यक शिकल्या आणि सुरत, राजकोटला वर्षानुवर्षं बायकांवर उपचार करत राहिल्या.

आजी चौथीपर्यंत शिकलेली. एका दुपारी निवडायला घेतलेले तांदूळ बाजूला सारून ती आजोबांना म्हणाली, “तुरुंगात जाईन म्हणाली ना, ते कुठल्या पानावर आहे? दाखवा.”

आजोबांनी चष्मा लावला, अंगठा ओला करून पानं उलटली. वकिलांचे युक्तिवाद, दाखले, न्यायाधीशांची मतं. तेवढंच. “हा निकाल शहाऐंशीचा,” ते म्हणाले. “ती म्हणाली नंतर.”

“मग लिहा की.”

“अगं, हे कायद्याचं पुस्तक.”

“विकत आणलंयत ना? लिहा.”

खंड आता माझ्याकडे आहे. निकाल संपतो तिथं खालच्या कोऱ्या जागेत आजोबांच्या कारकुनी, उजवीकडे झुकलेल्या अक्षरांत पेन्सिलीनं लिहिलंय: ‘बाई म्हणाल्या, तुरुंगात जाईन.’ खाली आजीनं स्वतः तारीख घातली आहे.