वस्तरा कुणाच्या हातात?

कुणी कुणाला शब्दांनीच पुरतं झोडपलं की आपण म्हणतो, त्याची बिनपाण्याने हजामत केली. पाण्याशिवाय वस्तरा फिरवला की काय होतं, हे माहीत असलेल्या लोकांनीच हा वाक्प्रचार घडवला असणार. यातला ‘हजामत’ हा शब्द अरबीतून आला. गंमत अशी की मूळ अरबीत त्याचा दाढीशी काही संबंध नाही. ‘हिजामा’ म्हणजे तुंबडी लावून अंगातलं रक्त काढणं, आणि ते काम करणारा तो ‘हज्जाम’. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी अबू तैबा नावाच्या हज्जामाकडून हिजामा करवून घेतला, त्याला मोबदला दिला आणि त्याच्या मालकांना सांगून त्याच्यावरच्या वसुलीचा भार कमी करवला, अशी हदीस आहे. हा अबू तैबा गुलाम होता. आपल्या अंगाला पातं लावू देण्याइतका विश्वास त्याच्यावर होता आणि त्या कामाचं मोल चुकतं केलं गेलं, या दोन गोष्टी मला त्यात महत्त्वाच्या वाटतात.

ज्याच्या हाती धारदार पातं आणि ज्याला कातडीची जाण, तोच पुढे केसही कापू लागला. युरोपातही न्हावी आणि शस्त्रवैद्य हे बराच काळ एकच होते. फारसी-हिंदुस्थानीतून आपल्याकडे येईपर्यंत हज्जाम म्हणजे केस कापणारा झाला. वस्तरा हा फारसी ‘उस्तुरा’, कैची तुर्की, आरसा संस्कृत ‘आदर्श’वरून आलेला, आणि न्हावी हा शब्द संस्कृत ‘नापित’पासून प्राकृतातून घरंगळत आलेला. एका धोकटीत एवढ्या भाषा शेजारी शेजारी नांदत होत्या. मागाहून इंग्रजी ब्लेडही तिथेच येऊन बसलं.

हे सगळं शोधायला लागलो ते मुलामुळे. आम्ही राहतो उरवड्यात, मुळशी तालुक्यात. पिरंगुट ओलांडून आत आलं की एकीकडे कारखाने आणि दुसरीकडे उरलीसुरली भातखाचरं. मुलाला सोळावं लागलं, मिसरूड फुटलं, हनुवटीखाली चार-दोन केस दिसू लागले. मित्रांनी त्याला तीन पात्यांचा प्लास्टिकचा रेझर आणि डब्यातला फेस सुचवला होता. त्याने मात्र कपाटातली अब्बांची पेटी काढली. आत पितळी रेझर, केस झडलेला ब्रश, एक वाटी आणि तुरटीचा खडा. म्हणाला, “अब्बा, दादांना हे कोणी शिकवलं होतं?”

प्रश्न साधा, उत्तर सोपं नव्हतं. कारण अब्बांच्या वडिलांनी स्वतःची दाढी स्वतः कधी केलीच नसेल. त्यांच्या पिढीत खेड्यात बहुतेकांची दाढी दुसऱ्याच्या हातात होती. बापाने मुलाला दाढी करायला शिकवणं ही आपल्याकडची फार जुनी परंपरा नाही. तिचं वय जेमतेम दोन-तीन पिढ्यांचं. त्याआधी तो हात न्हाव्याचा होता.

त्रिंबक नारायण आत्रे यांचं ‘गावगाडा’ हे पुस्तक १९१५ सालचं. त्यात बलुतेदारांच्या तीन ओळी येतात. थोरल्या ओळीत सुतार, लोहार, महार, मांग; मधल्या ओळीत कुंभार, चांभार, परीट, न्हावी; आणि धाकट्या ओळीत भट, मुलाणी, गुरव, कोळी. यातला मुलाणी म्हणजे आपला माणूस. मशिदीची देखभाल आणि जनावर हलाल करणं ही त्याची कामं. माझ्या डोळ्यांसमोर गावगाड्यातली दोन पाती येतात, मुलाण्याची सुरी आणि न्हाव्याचा वस्तरा. दोघांच्याही कामात धार चोख लागते आणि हात थरथरून चालत नाही. दोघांनाही रोख पैसा नाही, सुगीला खळ्यावर धान्य.

न्हाव्याचं काम निव्वळ डोकं आणि दाढी एवढंच नव्हतं. नराणीने नखं काढणं, अंग रगडून देणं, गळवं फोडणं, लग्नकार्यात राबणं, रात्री दिवटी धरणं, निरोप पोचवणं, सगळं त्याच्याकडे. त्याची धोकटी म्हणजे एक फिरता दवाखानाच होता. पाराखाली गिऱ्हाइकाला उकिडवं बसवायचं, डोकं दोन गुडघ्यांत धरायचं, आरसा त्याच्याच हातात द्यायचा. वस्तरा आधी दगडावर लावायचा, मग चामड्याच्या पट्ट्यावर परजायचा. परजताना पात्याची पाठ पुढे आणि धार मागे. उलटं केलं तर पट्टा कापला जातो आणि धारही बसते. हे ज्ञान कोणत्याही पुस्तकात नव्हतं, बापाच्या शेजारी बसूनच ते मिळायचं. म्हणजे वस्तरा शिकवणारे बाप होते, पण ते न्हाव्याच्या घरातले.

गळ्यावर उघडं पातं फिरत असताना डोळे मिटून बसणं हा विश्वास लहान नाही. म्हणूनच महाराष्ट्राच्या आठवणीत ही माणसं मोक्याच्या जागी भेटतात. १६५९ साली प्रतापगडाखाली सय्यद बंडाचा वार अडवणारा जिवा महाला, १६६० साली पन्हाळ्याहून निसटताना महाराजांचं सोंग घेऊन मरण पत्करणारा शिवा काशिद, दोघेही न्हावी समाजातले. वारकऱ्यांच्या संतमेळ्यात सेना न्हावी आहेत. सेना पूजेत रमले आणि राजाच्या चाकरीला जायचं राहिलं, तेव्हा खुद्द विठ्ठल धोकटी काखेत मारून राजाची हजामत करून आला, अशी कथा सांगतात. देवाने ज्या कामासाठी हात ओले केले, ते काम हलकं कसं?

पण याच वस्तऱ्याची दुसरी बाजूही मुलाला सांगणं भाग होतं. गावातला वस्तरा सगळ्यांसाठी नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी साताऱ्यातल्या आपल्या बालपणाबद्दल लिहून ठेवलं आहे. साताऱ्यात न्हावी होते, पैसे द्यायची ऐपतही होती, पण अस्पृश्याच्या डोक्याला हात लावायला कोणी तयार नव्हता. घरातल्या भावंडांचे केस थोरली बहीण कापायची आणि सरावाने ती त्यात तरबेज झाली होती. रामजी सुभेदारांचं घर, लष्करातल्या माणसाचं. तरीही कैची बहिणीच्या हातात आली ती हौसेने नव्हे, दार बंद होतं म्हणून.

साधारण त्याच काळात दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाच्या एका इंग्रज न्हाव्याने बॅरिस्टर गांधींचे केस कापायला नकार दिला. गांधींनी यंत्र विकत घेतलं आणि आरशासमोर उभं राहून स्वतःच केस कापले. मागचे केस वेडेवाकडे कापले गेले, कोर्टात लोक हसले. आत्मकथेत हा प्रसंग सांगताना ते त्या न्हाव्याला दोष देत नाहीत. आपण आपल्या देशात आपल्याच माणसांना न्हावी मिळू देत नाही, त्याचं हे फळ, असं त्यांना वाटलं. प्रिटोरियातल्या बंद दारातून त्यांना आपल्याकडचंच बंद दार दिसलं.

आणि काहींच्या डोक्यावर हाच वस्तरा जबरदस्तीने फिरत होता. उच्चवर्णीय विधवांचं केशवपन. नवरा गेला की बाईला, मग ती बारा-तेरा वर्षांची पोर का असेना, न्हाव्यापुढे बसवायचं. या क्रौर्याला उत्तर दिलं ते वस्तरा धरणाऱ्यांनीच. १८९० साली मुंबईत महात्मा फुल्यांचे सहकारी आणि ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांची सभा भरली आणि विधवांच्या डोक्याला यापुढे वस्तरा लावायचा नाही, असं ठरलं. ज्यांचं पोट या कामावर, त्यांनीच काही कामं नाकारली. आपल्याकडच्या कामगार चळवळीचा इतिहास सांगताना हा प्रसंग एवढ्या ओझरता का येतो, मला कळत नाही.

वस्तरा गिऱ्हाइकाच्या हातात आला तो अमेरिकेतून. किंग कॅम्प जिलेट या विक्रेत्याच्या डोक्यात वापरून टाकून देण्याच्या पात्याची कल्पना होती, आणि कागदासारख्या पातळ पोलादाला धार कशी लावायची हे कोडं विल्यम निकरसन या अभियंत्याने सोडवलं. १९०३ साली त्यांचे ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. दुसऱ्या वर्षी रेझरचा आकडा ९० हजारांवर गेला. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने सुमारे ३५ लाख रेझर घेतले आणि लाखो तरुणांना रोज सकाळी स्वतःची दाढी करायची सवय लागली. आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर देशी ब्लेड स्वस्त झाली. टोपाझ, पनामा ही नावं मुळशीतल्या किराणा दुकानांतही ओळखीची झाली. जुन्या ब्लेडने आम्ही पोरं पेन्सिलीला टोक काढायचो, अम्मी शिलाई उसवायची.

या छोट्या यंत्राने दोन कामं केली. ज्यांना गावचा न्हावी हात लावत नव्हता, त्यांना कुणाच्या दारात उभं राहायची गरज उरली नाही. आणि ज्याचं पोट या कामावर होतं, त्याचं रोजचं गिऱ्हाईक तुटलं. एकच पातं, कुणाला मोकळं करणारं आणि कुणाला उपाशी ठेवणारं. इतिहास बहुतेक वेळा असाच दुधारी असतो.

मुलाला शिकवलं ते असं. आधी तोंड कोमट पाण्याने धुऊन दोन-तीन मिनिटं केस भिजू द्यायचे. भिजलेला केस मऊ कापला जातो, कोरडा ओढला जातो. वाटीत साबण, त्यावर ओला ब्रश गोल फिरवायचा, फेस दाट झाला पाहिजे. मग बोटांनी दाढी चाचपून केसांचा ओढा ओळखायचा. गालावर तो खाली असतो, गळ्यावर कधी आडवा, कधी वरच्या दिशेने. पहिला हात नेहमी त्या ओढ्याबरोबर, उलटा हात आता नकोच. रेझर चेहऱ्याला थोडा तिरका धरायचा आणि दाबायचं अजिबात नाही, त्याचं वजनच पुरे. दुसऱ्या हाताने कातडी ताणायची, छोटे छोटे हात मारायचे आणि पातं मधूनमधून पाण्यात बुडवायचं. शेवटी थंड पाणी आणि ओल्या चेहऱ्यावरून तुरटी. कुठे कापलं असेल तर तुरटी चरचरून सांगते. आपलं पातं दुसऱ्याला द्यायचं नाही, दुसऱ्याचं घ्यायचं नाही, आणि जुनं ब्लेड कागदात गुंडाळूनच टाकायचं, कारण कचरा उचलणाऱ्या बाईच्या हातालाही कातडी आहे.

यावर काही वाचक विचारतील, मुसलमानाच्या पोराला दाढी करायला कशाला शिकवता? दाढी सुन्नत आहे, हे मला मान्य आहे. किती आणि कशी, यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत, तो विषय आज नको. पण दाढी राखणाऱ्यालाही पातं धरावंच लागतं. गालावरचं आणि गळ्यावरचं खत काढायचं, मिशा कातरायच्या, नखं काढायची. मिशा आणि नखं तर हदीसमध्ये फितरतच्या गोष्टींत मोजली आहेत आणि त्यांना चाळीस दिवसांची मुदत घातली आहे. आपल्याकडे बाळाचं जावळ सातव्या दिवशी, अकीक्याला निघतं आणि त्या केसांच्या वजनाइतकी चांदी दान होते. हज पूर्ण करतानाही डोक्याचे केस उतरतात किंवा कापले जातात. पातं आपल्या दीनला परकं नाही.

हिजरी ६ म्हणजे इ.स. ६२८ सालचा हुदैबियाचा प्रसंग मला यात फार मोलाचा वाटतो. उमरा न करताच परतायचं ठरलं, तह झाला, सहाबा दुःखाने जागचे हलेनात. तेव्हा हजरत उम्मे सलमा यांनी प्रेषितांना सल्ला दिला की कुणाशी न बोलता आपण स्वतः कुर्बानी करा आणि केस उतरवून घ्या. ते पाहून सगळे उठले आणि एकमेकांची डोकी करू लागले. कोण उंच कुळातला, कोण कालचा गुलाम, कोणी विचारलं नाही. साताऱ्यातल्या त्या बंद दारासमोर हा प्रसंग ठेवून पाहा.

राहिला प्रश्न दाढीकडे बघणाऱ्या नजरांचा. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने हवाई दलातल्या एका मुस्लिम जवानाची दाढी राखण्याची मागणी फेटाळली. महाराष्ट्राच्या राज्य राखीव पोलीस दलातल्या एका शिपायाचं असंच प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून दिल्लीपर्यंत गेलं. उद्या माझा मुलगा दाढी ठेवेल किंवा काढेल. दोन्हीपैकी काहीही कुणाच्या भीतीने किंवा कुणाला दाखवायला होऊ नये, एवढंच मला वाटतं. त्यासाठी आधी पातं त्याच्या स्वतःच्या हातात हवं.

तरी महिन्यातून एकदा मी त्याला सलूनमध्ये पाठवतोच. तिथल्या कारागिरांत आज उत्तर प्रदेशातून आलेली पोरं खूप आहेत. त्यातली काही स्वतःला सलमानी म्हणवतात आणि हजरत सलमान फारसींशी नातं सांगतात. एड्सच्या भीतीनंतर जुना वस्तरा मागे पडला, आता अर्धं ब्लेड मोडून बसवतात, दर गिऱ्हाइकाला नवं. मुलाला एवढंच सांगितलंय की खुर्चीत बसल्यावर त्या कारागिराचं नाव विचारायचं, त्याला ‘अरे’ म्हणायचं नाही, आणि ठरलेले पैसे घासाघीस न करता द्यायचे. ज्याच्या हातात आपण आपला गळा देतो, त्याला मान देताना हात आखडू नये.