रिपोर्ट नॉर्मल, तरी त्रास कायम: असे का होते?

डोकेदुखी, धडधड, पोटात गोळा येणे, अंगदुखी, थकवा. सगळ्या तपासण्या झाल्या, रिपोर्ट नॉर्मल आले, तरी त्रास थांबत नाही. अशा वेळी 'तुला काही झालेले नाही' हे ऐकून माणूस अधिकच खचतो. लक्षात ठेवा, हे दुखणे खरे असते; ते नाटक नसते.

कारणे
मानसिक ताणात अ‍ॅड्रेनॅलिन व कॉर्टिसोल ही संप्रेरके वाढतात. हृदयाचे ठोके वाढतात, मान-खांद्याचे स्नायू आखडतात, पचन बिघडते. सतत तिकडेच लक्ष राहिले की साधी संवेदनाही तीव्र वाटते. त्यातून भीती वाढते आणि भीतीमुळे पुन्हा त्रास.

निदान
त्रास आणि त्याची अतिकाळजी साधारण ६ महिन्यांहून जास्त टिकली व रोजची कामे अडू लागली, तर 'सोमॅटिक सिम्प्टम डिसऑर्डर'चा विचार केला जातो. केवळ रिपोर्ट नॉर्मल आहेत म्हणून हे निदान होत नाही.

काय करावे?
- वारंवार डॉक्टर बदलू नका. एकाच फॅमिली डॉक्टरांना ठरावीक दिवशी भेटा, त्रास कमी असला तरीही.
- त्रास कधी होतो, त्याआधी काय घडले, याची नोंद ठेवा.
- झोपेची वेळ पाळा, रोज चाला.
- समुपदेशन व वर्तन उपचारांचा (सीबीटी) उपयोग होतो. मानसोपचारतज्ज्ञांनी औषधे दिल्यास गुण यायला काही आठवडे लागतात. ती स्वतःहून बंद करू नका.
- 'टेलि-मानस' १४४१६ ही मोफत हेल्पलाइन २४ तास सुरू असते.

तातडीने डॉक्टरांकडे कधी जावे?
छातीत दाब, धाप, शुद्ध हरपणे, हातापायातील शक्ती अचानक जाणे, रक्तस्राव किंवा कारण नसताना वजन घटणे, यांपैकी काहीही झाल्यास 'ताणच असेल' असे समजून थांबू नका.