प्रसारण क्षेत्रातील विद्यार्थी व्यावसायिक संस्था (अमेरिका)

नभोवाणी, दूरचित्रवाणी व अन्य इलेक्ट्रॉनिक माध्यमांत काम करू इच्छिणाऱ्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या संघटनांना विद्यार्थी प्रसारण व्यावसायिक संस्था असे म्हणतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विसाव्या शतकात ही परंपरा रुजली. वर्गातील अध्ययन व प्रत्यक्ष व्यवसाय यांतील अंतर कमी करणे हा या संस्थांचा मुख्य हेतू होय.

पार्श्वभूमी

ग्रीक मुळाक्षरांवरून नाव घेणाऱ्या विद्यार्थी-संघटना अमेरिकेत पूर्वीपासून होत्या. वृत्तपत्रविद्येच्या विद्यार्थ्यांनी हाच नमुना स्वीकारला. इंडियाना राज्यातील डीपॉ विद्यापीठात १९०९ साली 'सिग्मा डेल्टा काय' स्थापन झाली. 'सोसायटी ऑफ प्रोफेशनल जर्नालिस्ट्स' हे तिचेच आजचे रूप. या संस्थेत १९६९ पर्यंत स्त्रियांना प्रवेश नव्हता. सियाटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील विद्यार्थिनींनी १९०९ मध्येच 'थीटा सिग्मा फाय' ही स्वतंत्र संस्था काढली. अशा संस्थांतून व्यवसायातील ओळखी व शिफारशी मिळत असल्याने सभासदत्व नाकारले जाणे ही केवळ मानाची बाब नव्हती. त्याचा परिणाम उपजीविकेच्या संधींवरही होत असे.

अल्फा एप्सिलॉन ऱ्हो

प्रसारणाच्या विद्यार्थ्यांसाठी 'अल्फा एप्सिलॉन ऱ्हो' ही संस्था १९४३ साली मिसुरी राज्यातील कोलंबिया येथील स्टीफन्स महाविद्यालयात सुरू झाली. हे महाविद्यालय स्त्रियांचे आहे, ही गोष्ट वरील पार्श्वभूमीवर विशेष लक्षणीय ठरते. गुणवत्ता असलेल्या विद्यार्थ्यांचा सन्मान करणे हा संस्थेचा आरंभीचा हेतू होता. कालांतराने कार्यक्षेत्र विस्तारले आणि संस्था 'नॅशनल ब्रॉडकास्टिंग सोसायटी' या नावाने ओळखली जाऊ लागली. वार्षिक अधिवेशन आणि विद्यार्थ्यांच्या ध्वनी, चित्र व संहिता-निर्मितीच्या स्पर्धा हे तिचे प्रमुख उपक्रम होत.

विद्यार्थी नभोवाणी केंद्रे

ऱ्होड आयलंडमधील ब्राउन विद्यापीठात १९३६ साली जॉर्ज अब्राहम व डेव्हिड बोर्स्ट या विद्यार्थ्यांनी 'ब्राउन नेटवर्क' उभारले. इमारतींतील विजेच्या तारांमधूनच क्षीण रेडिओसंकेत वाहून नेण्याची पद्धत तेथे वापरली गेली. हे संकेत तारांच्या आसपासच ऐकू येत. त्यामुळे वसतिगृहांपुरते प्रसारण अल्प खर्चात शक्य झाले. अशा केंद्रांच्या सहकार्यातून १९४० साली 'इंटरकॉलेजिएट ब्रॉडकास्टिंग सिस्टिम' ही संघटना निर्माण झाली. पुढे १९४८ पासून शैक्षणिक संस्थांना केवळ १० वॉट शक्तीच्या एफएम केंद्रांचे परवाने मिळू लागले. १९७८ मध्ये संघराज्य संचार आयोगाने अशा नव्या परवान्यांवर निर्बंध घातले. त्यामुळे लहान महाविद्यालयांचा सर्वांत स्वस्त मार्ग अरुंद झाला.

कार्यपद्धती

या संस्थांचे काम सामान्यतः महाविद्यालयातील शाखेमार्फत चालते. पदाधिकारी विद्यार्थी असतात व एक प्राध्यापक मार्गदर्शक असतो. व्यावसायिकांची व्याख्याने, केंद्रांना भेटी व निर्मितीचा सराव हे नेहमीचे कार्यक्रम होत. प्राध्यापकांची 'ब्रॉडकास्ट एज्युकेशन असोसिएशन' ही संघटनाही विद्यार्थ्यांसाठी स्पर्धा घेते. तिचे अधिवेशन लास वेगास येथे प्रसारण-व्यावसायिकांच्या राष्ट्रीय मेळाव्याच्या सुमारास भरते.

मर्यादा

सभासद-वर्गणी व अधिवेशनाचा प्रवासखर्च अनेक विद्यार्थ्यांना परवडत नाही. शाखेचे सातत्य बहुधा मार्गदर्शक प्राध्यापकाच्या उत्साहावर अवलंबून असते. कारण विद्यार्थी-पदाधिकारी काही वर्षांत पदवी घेऊन बाहेर पडतात.