थकव्याची मोजदाद

ताप उतरला की घरचे म्हणतात, "झालास बरा." पण अंबरनाथ पश्चिमेला स्टेशनचा जिना चढताना ज्याचे पाय भरून येतात, त्याला विचारा. तापाला थर्मामीटर आहे. थकव्याला काय? आज आपण या प्रश्नाचा इतिहास बघू.

इटलीतल्या तुरिनमध्ये आंजेलो मोसो यांनी १९व्या शतकाच्या अखेरीस 'एर्गोग्राफ' बनवला. एका बोटाने वजन उचलत राहायचं, प्रत्येक उचल कागदावर उमटायची. विद्यार्थ्यांच्या परीक्षा घेऊन आलेल्या सहकाऱ्याचं बोट लवकर दमतं, असं त्यांना दिसलं. म्हणजे डोक्याचा शीणही स्नायूंत उतरतो. १८९१ साली त्यांचं थकव्यावरचं पुस्तक आलं.

पुढे स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी माणसालाच विचारलं, किती दमलास? त्यांची मोजपट्टी ६ ते २०. निरोगी तरुणाने सांगितलेल्या आकड्याला १०ने गुणलं की साधारण नाडीचे ठोके येतात.

अंगावरच्या यंत्रांचं म्हणाल, तर अमेरिकेतल्या नॉर्मन होल्टर यांचं सुरुवातीचं हृदयनोंद यंत्र सुमारे ३८ किलोचं होतं, पाठीवर वाहायचं! १९७४मध्ये जपानच्या ताकुओ आओयागी यांनी पल्स ऑक्सिमेट्रीचं तत्त्व मांडलं, आणि मोजणी पुन्हा बोटावर आली.

आपल्याकडे ती घरोघरी गेली कोरोनात. एप्रिल २०२१मध्ये राज्याच्या आरोग्य विभागाने सहा मिनिटं चालण्याची चाचणी सांगितली. चालल्यावर ऑक्सिजन ९३च्या खाली गेला, किंवा आधीपेक्षा ३ टक्क्यांहून जास्त घसरला, तर दवाखाना गाठायचा. चाचणी मुळात फुप्फुसाच्या जुनाट रुग्णांची. धोका ओळखायला ती उपयोगी पडली, पण नंतर महिनोन्‌महिने रेंगाळलेला थकवा तिच्यात दिसत नव्हता.

आजचं मनगटी घड्याळ ठोके, पावलं, झोप मोजतं. थकवा मोजत नाही, त्याचा अंदाज बांधतं. कोरोनानंतर काहींना श्रमाचा फटका दुसऱ्या दिवशी बसतो, त्या दिवशीचे आकडे मात्र स्वच्छ असतात. म्हणून एका दिवसाचा आकडा पुरत नाही. काही आठवड्यांची नोंद हवी, आणि शेजारी रुग्णाने स्वतः लिहिलेला बोर्गचा आकडा हवा.

कारखान्यांच्या या गावात कामावर रुजू होताना "आकडे तर नॉर्मल आहेत" हे वाक्य माणसाची रोजी ठरवू शकतं. यंत्राने साक्ष द्यावी, निकाल देऊ नये, असं आम्हाला वाटतं. मोसोंच्या सहकाऱ्यालाही आधी स्वतःलाच जाणवलं असणार, कागदावर रेघ नंतर उमटली.